गुळाचा खडा

पूर्णा स्टेशनजवळ जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारे एक मामा हायेत. बोलतात नाकातून: “गूळ खाल्ला की शिसं पोटात टिकत न्हाई बघ!” अन् त्याच काळ्या बोटांनी खडा तोडून तोंडात टाकतात. मी त्यांची नक्कल लय भारी करतो.

परवा त्यांची चार वर्षांची नात दुकानात पळत आली. मामांनी तिच्यापुढं खडा धरला. मी त्यांच्याच आवाजात म्हणलो, “मामा, बोटाचं शिसं गुळाला लागलंय की! लेकराचा मेंदू खातंय ते.”

“लय शहाणा झालास रं,” म्हणले, पण बोटं बघत बसले. मग खडा भट्टीत टाकला. पोरगी गळ्यात पडायला आली, तसे मागं सरले.

“थांब बाई, आज्याला शिवू नको. आंघोळ करून येतो.”