हॉलमधून गेलेलं चित्र

एव्हरशाईन वसाहतीतल्या त्या चित्राची केस मला अजून आठवते. पोलीस ठाण्यात मोठमोठे गुन्हे येऊन गेले, ते विसरले. ही मात्र राहिली. मी पोलीस नव्हते. चौथी शिकलेली, वसईच्या एका पोलीस ठाण्यात सफाई कामगार म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. महिला शिपाई बंदोबस्ताला गेल्या की आणलेल्या बाईजवळ मलाच बसवत. त्यामुळे पुष्कळ जबाब माझ्या कानावरून गेले.

तक्रार एका तरुण नोकरदाराची होती. त्याने जवळच्या आचोळे गावातल्या एका चित्रकाराकडून हॉलसाठी मोठं चित्र हाताने रंगवून घेतलं होतं. मूळ चित्र परदेशातलं, दोनशे वर्षांपूर्वीचं. पलंगावर मेलेला योद्धा, शेजारी त्याची बायको, तिला बिलगलेलं लहान मूल. तक्रारीला जोडलेला फोटो पाहिला तर माणसं जिवंत वाटत होती, मेलेला सोडून. आठवड्यातच ते भिंतीवरून नाहीसं झालं. कडी-कुलूप शाबूत. घरात तो, त्याची सात महिन्यांची गरोदर बायको आणि सुनेच्या बाळंतपणासाठी साताऱ्याकडून आलेली त्याची आई.

खबर वॉचमनने दिली. कामवाली चित्र गेलं त्या दुपारी मोठं गाठोडं घेऊन गेटबाहेर गेली म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला ठाण्यात आणलं. मिठागराकडच्या गावातली ती, चार घरची कामं करणारी.

"जुनी गोधडी होती ती. वहिनीनेच दिली," ती परत परत सांगत होती. "मला कोन चोर म्हनतो, त्याला समोर आना!"

वहिनी, म्हणजे त्या तरुणाची बायको, दवाखान्यात तपासणीला गेली होती, फोन लागत नव्हता. बिल्डिंगमध्ये बातमी पोचली होती. दोन घरांनी तर कामावर येऊ नको म्हणून कळवलंही. बाईला सूर्य मावळल्यावर अटक करत नाहीत, म्हणून साहेबांना त्याआधी काय ते ठरवायचं होतं.

आधी चित्रकाराला बोलावलं. त्यानेच माल परत नेऊन दुसरीकडे विकला असेल असा हवालदारांना संशय.

"तुझं चित्र नकली ना?" हवालदारांनी विचारलं.

"नकली नाही, साहेब. नक्कल. सांगून विकतो."

"मग असली कुठाय?"

"पॅरिसला."

"म्हणजे पंचनाम्याला पॅरिसला जायचं का आम्ही?"

साहेबसुद्धा हसले. चित्रकार मात्र गंभीर होता. म्हणाला, "साहेब, यांनी डोहाळेजेवणाआधी पाहिजे म्हणून घाई केली. मागचा काळोख मी तेलातल्या काळ्या रंगाने रंगवलाय, तो लवकर सुकत नाही. कडेला धरू नका असं सांगितलं होतं. ज्याने उतरवलं त्याला काळं लागलंच असणार."

कामवालीचे हात पाहिले. साबणाने पांढरे पडलेले, बाकी काही नाही. "हात धुतले असतील," हवालदार म्हणाले.

अकराच्या सुमारास तो तरुण आईला घेऊन जबाब द्यायला आला. मी आजींना पाणी दिलं. पेला घेताना पदर सरकला. त्याच्या काठाला बोटभर काळा डाग होता आणि भोवती तेलाचं पिवळं वलय. तेलाचा रंग खोबरेलाने चोळला की सुटतो, हे दारं-खिडक्या पुसणाऱ्या बाईला माहीत असतं. आजींनी झटकन पदर दुमडला. गावाहून आणलेली बाहेर नेसायची तेवढीच साडी असावी.

मला समजलं. पण साहेबांसमोर तोंड उघडायची मला सवय नव्हती. माझं चुकलं असेल तर? मी फरशी पुसत राहिले.

चार वाजता कामवालीने मला विचारलं, "बाय, माज्या पोरीला शाळेतून कोन आनेल?" तेव्हा मी उठले. साहेबांनी अजून कोणालाच सोडलं नव्हतं; मुलगा आत होता, आजी बाहेरच्या बाकावर एकट्या होत्या. त्यांच्याजवळ बसले.

"आजी, काळं पूर्ण निघालं नाही."

त्यांनी दुमडलेला पदर उलगडून पाहिला. मग म्हणाल्या, "सुनंचं पहिलं राह्यलं न्हाई. आता उठता-बसता म्होरं मढं आन् रडणारी बाई. गरवार बाईनं असलं बघावं व्हय? पोराला सांगितलं तर हसला. म्हणला, आई, ही कला हाय."

"मग टाकलंत?"

"मेलेल्या माणसाला कचऱ्यात टाकीन व्हय मी? तळ्यावर पिंपळाखाली लोक जुनं देव ठेवत्यात, तिथं ठिवलं. रिक्षानं नेलं. पाया पडले." मग हळूच म्हणाल्या, "आता सांगितलं तर त्ये परत भितीवर यील."

"चित्र परत उतरवता येईल, आजी. त्या बाईचं नाव गेलं तर ते कुठून आणायचं?"

आजी उठल्या आणि स्वतः साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

पोलीस तळ्यावर गेले तेव्हा चित्र तिथेच होतं. फुटक्या काचांच्या तसबिरींत गणपती, दत्त, लक्ष्मी, आणि मधे तो परदेशी योद्धा. कोणीतरी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं होतं, पायाशी जास्वंद ठेवलं होतं. पंचनामा लिहिताना हवालदारांनी बूट बाजूला काढले, असं नंतर शिपाई हसत सांगत होता.

आजींच्या मुलाने तक्रार मागे घेतली. कामवालीने त्याची माफी ऐकून घेतली आणि म्हणाली, "हितं नको. गेटवर सांगा. सगल्यांसमोर." तो आईकडे बघू लागला. आजी म्हणाल्या, "मी सांगते." आणि त्यांनी सांगितलं, वॉचमनसमोर, भाजी घेणाऱ्या बायकांसमोर. चित्र चित्रकाराकडे परत गेलं.

नोकरीत मी एवढं पाहिलं की वस्तू गेली की आपण ती कोणाला हवी होती ते शोधतो. कोणाला ती नको होती, हे कोणी विचारत नाही. वॉचमनही कामवाल्यांच्या पिशव्या बघतो, घरच्यांच्या नाही.

आजींकडून कळल्यावर साहेबांनी नंतर सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं लाजले. पण मी तास मोजत होते. डाग मी अकराला पाहिला, बोलले चारला. ते पाच तास एक निर्दोष बाई बाकावर बसली होती, आणि तिला तिथे बसवून ठेवणाऱ्यांत मीही होते.