गोधडीच्या टाक्यांचा पट्टा

जपानात, त्सुकुबात भाड्यानं घेतलेल्या वावरात मी उपवासासाठी रताळी लावायला सुरुवात केली. दर वर्षी रानडुकरं ती उकरायची. शेवटी चिडून मी शिकारीचा परवाना काढला. झाडाला लटकून दबा धरायचा पट्टा विकत कशाला, म्हणून घरीच शिवला. जाड नायलॉनमध्ये मशीनची सुई मोडली, तेव्हा आई गोधडीला घालायची तसा हातानं धावदोरा घातला. गोधडीला कुणी लटकत नसतं, हे मला झाडावर चढल्यावर सुचलं. एकेक टाका उसवताना ऐकू येत होता. मदतीला आसपास चिटपाखरू नव्हतं. मी दोन्ही हातांनी खोडाला घट्ट मिठी मारली. खाली डुक्कर निवांत रताळी खात होतं. बंदूक खांद्यालाच होती, पण ती घ्यायला एक हात सोडावा लागला असता.