सगळ्यांच्या निबंधात लेकरू बाहेर आलं

त्या वर्षी सहामाहीचे पेपर तपासायला बसले तेव्हा देवावरचा माझा विश्वास पार उडाला होता. खोटं कशाला लिहू? दिवाळीच्या आधी घटसर्पाने माझा सहा वर्षांचा मुलगा गेला. सोनाळ्याहून अकोल्याच्या दवाखान्यात नेताना एस.टी.त तो माझ्या मांडीवर होता आणि मी वाटभर देवाला हाका मारत होते, शेजाऱ्याला माराव्यात तशा, मोठ्याने. गाडीतली माणसं खाली मान घालून ऐकत होती. देवही बहुधा तसाच बसून राहिला असावा. अकोला यायच्या आधीच सगळं संपलं. परत आल्यावर मी यांना सांगून टाकलं, तुम्हाला पूजा करायची तर करा, माझ्या तोंडून आता ते नाव यायचं नाही.

महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. शाळेच्या कपाटांवर अजून आधीच्या राज्याचे शिक्के होते. मी सातवीला मराठी शिकवत असे. सातवी पास झालं की नोकरीचं दार थोडं तरी किलकिलं व्हायचं, म्हणून ‘माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग’ हा निबंध आम्ही मुलांना तयारच करून द्यायचो. आम्ही फळ्यावर लिहायचा, मुलांनी घोकायचा. तुमच्या आयुष्यात खरोखर काय घडलं, हे त्यांना विचारायचं कुणाच्या मनातही येत नसे. माझ्या वर्गाचा निबंध मी मोठ्या हौसेने रचला होता. नदीला पूर येतो, लहान मूल वाहून जातं, त्याची आई काठावर पदर पसरून म्हणते, “देवा, धाव रे, माझं लेकरू तुझ्या हवाली आहे,” आणि कुठूनसा एक अनोळखी माणूस येऊन पाण्यात उडी घेतो. मूल बाहेर येतं. शेवटी, देव आईची हाक ऐकतोच, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, असं ठसक्यात लिहायचं. यातलं मी काहीही पाहिलेलं नव्हतं.

तेच आता साऱ्या वर्गाच्या अक्षरात माझ्यापुढे येऊन पडलं. प्रत्येक पेपरात पूर, प्रत्येक पेपरात आई, आणि प्रत्येक पेपरात लेकरू बाहेर. एकाने उडी घेणाऱ्याला आपल्या मामाचं नाव दिलं होतं, तेवढंच काय ते त्याचं स्वतःचं. एरवी मी हसले असते. त्या दिवशी वाटलं, सगळा वर्ग मिळून मला वेडावतोय, आणि तेही माझ्याच शब्दांत. मी एकेक पेपर घेत गेले आणि निबंधाला शून्य देत गेले. हेडमास्तर सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, बाई, रजा घ्या, पेपर मी दुसऱ्यांकडे देतो. मी ऐकलं नाही. रजा घेऊन घरात कुणासाठी बसायचं होतं?

निकाल मुलांना कळला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाबाई आमच्या ओसरीवर आली. तिची कमल माझ्या वर्गात होती. बाई थेट कापूस वेचून आली होती, लुगड्याला बोंडांचा कचरा तसाच चिकटलेला. पोरगी नापास झाली तर शाळा बंद, उद्यापासून वेचणीला, असं कमलच्या बापाने बजावलं होतं. गोदाबाई भांडायला आली असावी असं समजून मीही तयारीत होते. पण ती पायरीवर बसली आणि म्हणाली, “मले काई वाचता येत नाई, बाई. तुमी वाचून दाखवा. कुठी चुकली ते मले समजू द्या.”

मी कमलचा पेपर काढला आणि घडाघडा वाचला, वर्गात हजेरी घ्यावी तसा. चूक एकही नव्हती. पेपर खाली ठेवून मी म्हटलं, गोदाबाई, हे सगळं खोटं आहे म्हणून शून्य दिलं. असं कधी होत नसतं.

“मले काय मालूम नाई का ते?” ती शांतपणे म्हणाली. “माहा गन्या विहिरीत पडला तवा मी बी अशीच बोंबलली. कोनी नाई आलं. पन कमल रोज हे पाठ करते अन् मी चुलीपाशी आयकत बसतो. रोज ते लेकरू पान्यातून वर येते. तेवढ्यापुरतं मले बरं वाटते.” मग पेपराकडे बोट करून म्हणाली, “अजून एक डाव वाचा, बाई. हळू वाचा.”

मी पुन्हा वाचायला घेतलं. पूर आला, मूल वाहून गेलं, आई काठावर आली. “देवा, धाव रे” पर्यंत आले आणि मला रडू फुटलं. पोरगा गेल्यापासून मी रडलेच नव्हते. गोदाबाईने पेपर माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला, मला जवळ ओढलं, आणि आम्ही दोघी त्या पायरीवर पोटभर रडलो. उठताना तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “अन् मार्क?” मी तिच्यासमोर मार्क टाकले, आणि मग बाकीच्यांचेही.

गोदाबाईला त्या दुपारी कुणी धाडलं, यावर मी वाद घालत नाही. माझा मुलगा परत आला नाही आणि ते दुःख आजही तसंच आहे. पण हाक मारली की देवाने दिलंच पाहिजे, असं मी धरून बसले होते. त्या पायरीवर, काही मिळणार नाही हे ठाऊक असूनही, ती हाक माझ्या तोंडून गेली, आणि ती ऐकायला माझ्याशेजारी कुणीतरी होतं. याबद्दल मी त्या देवाची ऋणी आहे. पुढे मी मुलांना त्यांचं स्वतःचं लिहायला लावू लागले. तरी दरवर्षी कुणीतरी तो जुना निबंध घरच्या मोठ्या भावंडाकडून उतरवून आणतंच. मी शुद्धलेखन तपासते, काना-मात्रा दुरुस्त करते. लेकरू बाहेर येतं तिथे लाल पेन्सिल बाजूला ठेवते आणि त्याला येऊ देते.