मूठभर माती

मार्केट यार्डात गुळाच्या ढेपांचा वास आला की मला ज्वारीच्या कुंड्या आठवतात. कॉलेजात असताना मी याच शहरात शेतकी शिकत होते. दिवाळीत होस्टेल रिकामं झालं, पण प्रयोगासाठी मी अकोल्याला घरी गेले नाही. सगळ्या कुंड्यांत वाफवून निर्जंतुक केलेली माती होती आणि तुलनेसाठी अर्ध्या बियाण्यालाच मी गुळाच्या पाण्यातून वाढीला मदत करणारे जिवाणू चोळले होते. उरलेली रोपं ठेंगणी, पिवळट राहिली. बोलायला होते फक्त पाणी घालणारे माळीमामा, दुपारी आपल्यातली अर्धी भाकरी मला देणारे. एका सकाळी पिवळ्या रोपांच्या बुडाशी मला बाहेरची काळी माती दिसली. "तुमीच म्हनला, ह्यांच्या मातीत कुनीच न्हाय," मामा म्हणाले, "मग एकल्यानं कसं वाढंल? टाकली मूठ मूठ." माझं महिन्याचं काम मातीत घातलंत, असं मी त्यांना तोडून बोलले. दुसऱ्या दिवसापासून ते पाणी घालून लगेच निघून जाऊ लागले. मी कुंड्यांपाशी एकटीच जेवायचे आणि ती रोपं माझ्यासमोर हिरवी होत गेली. "पाव किलोसाठी मार्केट यार्डात आलात?" गूळवाला आज विचारत होता. धायरीच्या घरी मी एकटी असते, तेवढा मला महिनाभर पुरतो.