कानाच्या मशीनचा भाव

माझे वडील धानोऱ्याजवळच्या आमच्या गावातल्या तलावावर मासे धरतात आणि आई ते बाजारात विकते. साठी ओलांडल्यावर बाबांना कमी ऐकू येऊ लागलं. आधी ते नुसतं हसून वेळ मारून नेत. मग मच्छीमार सोसायटीच्या बैठकीला जाणंच त्यांनी सोडलं. पुन्हा पुन्हा विचारायची त्यांना लाज वाटे.

एकदा तलावात जाळं बुडालेल्या खुंटाला अडकलं. काकांनी दुसऱ्या डोंग्यातून ओरडून सांगितलं, पण बाबा ओढतच राहिले आणि त्यांचा डोंगा उलटला. ते पोहत काठाला आले, लागलं काही नाही. मी राजुऱ्याला शाळेत शिकवते. त्या संध्याकाळी आईचा फोन आला. "तुझ्या बापाले कानाची मशीन पायजे. कुठी भेटते थे पाह्य."

मी दोघांना चंद्रपूरला कानाच्या मशीनच्या दुकानात घेऊन गेले. दुकान चालवणाऱ्या बाई मुस्लिम घरातल्या होत्या. त्याच जागेत त्यांचे वडील पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. या मात्र कान तपासायचं रीतसर शिकून आल्या होत्या. काचेच्या लहानशा खोलीत बाबांना बसवून त्यांनी शांतपणे तपासलं आणि एक मशीन कानात घालून दिली. मग किंमत सांगितली. चोवीस हजार.

आई म्हणाली, "बाजूच्या दुकानात भितीएवढा टीव्ही हाये, थो याच्याहून सस्ता. हे त चन्याच्या दान्याएवढं. काऊन?"

मला संकोच वाटला. बाईंना नाही वाटला. खुर्ची ओढून त्या आईसमोर बसल्या.

"बाई, खरं सांगतो. आतल्या सामानाचे एवढे पैसे नाई. पण टीव्ही घरोघरी विकतो, ही किती लोक घेतात? अन् टीव्ही घरी नेला की झालं. ही प्रत्येक कानाले अलग जमवा लागते. मग माणूस परत येते, म्हणते बर्तनचा आवाज लय होते, परत जमवा लागते. तो माझा टाइम हाये. थोडे पैसे कंपनीच्या नावाचे बी हायेत, त्याले मी नाई म्हणत नाई."

आईने जरा विचार केला. "मंजे मरळीसारखं," ती म्हणाली. "बारीक मासे अन् मरळ एकाच जाळ्यात येतेत. पण मरळ बाजारापर्यंत पान्यात जित्ती ठेवा लागते, अन् गिऱ्हाईक बी कमी. मून भाव अलग."

बाई हसल्या. "असंच समजा."

पण आई एवढ्यावर थांबणारी नव्हती. या चोवीस हजारांतलं बाबांच्या कामाचं काय आणि बिनकामाचं काय, हे तिने एकेक करून विचारलं. बाईंनी सोळा हजारांची दुसरी मशीन काढली. मोबाईलचं गाणं थेट कानात येण्याची सोय तिच्यात नव्हती. आई खूश झाली. तेव्हा बाईच म्हणाल्या, "एक सांगून ठेवतो. दोघं बोलत असले त हे चालते. दहा जन एकदम बोलले त याच्यात नीट नाई समजनार."

बाबांच्या कानात पहिली मशीन अजून होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते हळूच म्हणाले, "मले बैठकीत बसाचं हाये."

आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि सोळा हजारांची मशीन बाजूला सारली. "महागाचीच द्या. भाव नाई तोडत मी. पन आमी लय दुरून येतो. सालभर कान जमवून द्याचे अलग पैसे नाई घ्याचे."

"नाई घेत," बाई म्हणाल्या. तो शब्द त्यांनी पुरता पाळला.

पहिल्या आठवड्यात बाबा वैतागले. पंख्याचा आवाज, कोंबड्यांचा आवाज, स्वतःच्या चावण्याचाही आवाज. ते चंद्रपूरला जाऊन आले, पुन्हा गेले. प्रत्येक वेळी बाईंनी तितक्याच निगुतीने मशीन जमवून दिली. पाण्यात पडली तर ती गेलीच, म्हणून डोंग्यात बाबा ती घालत नाहीत. ज्या कारणासाठी घेतली तिथेच ती चालत नाही, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. काका आता वल्ह्याने डोंग्यावर ठोका देतात. तो बाबांच्या पायांना कळतो.

बैठकीला मात्र ते जातात. मत्स्यबीज कुठून आणायचं यावर पहिल्याच दिवशी ते इतके भांडले, की आईने मला ते फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं.

आता बाजारात लोक आईला मशीनबद्दल विचारतात. मासे तोलता तोलता ती सांगते, "भाव मंग विचारा. पयले कानात घालून दुकानाच्या भाईर रस्त्यावर जा, अन् कोनाशी तरी दोन गोष्टी बोलून या."