चालत्या नाटकात बूट
मिशी चिकटवायच्या डिंकाचा वास आला की आम्ही शिकलो त्या मारेगावच्या इमारतीचं पटांगण आठवतं. एका वर्षी कापूस मातीमोल झाला होता. जन्मभर रंगमंचावर म्हाताऱ्यांच्या भूमिका केलेले आमचे मराठीचे सर स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांच्या नाटकात कापूस पिकवणारा बाप झाले होते. नाटक ऐन रंगात असताना संस्थेचे अध्यक्ष, गावातल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक, स्वतःचा सत्कार करून घ्यायला बुटांसकट रंगमंचावर चढले. नट तिथं अनवाणीच पाऊल ठेवतो. सरांनी भूमिका सोडली नाही. म्हाताऱ्याच्याच आवाजात ते ओरडले, "ओ पाव्हणे, कोनाच्या घरात घुसून राह्यले? जोडे बाहीर काढा न बाप्पा!" अख्खं पटांगण हसलं. अध्यक्ष लालबुंद होऊन खाली उतरले. सोमवारी सरांना नोकरीवरून काढलं. कारण सांगितलं, बेशिस्त! त्या इमारतीला मी आजही शाळा म्हणत नाही.