भेग झाकणारा फोटो

दरड कोसळली त्या साली एक फोटोवाला आमच्या पासली गावाला आला हुता. नाव म्या इचारलंच न्हाई. वाईट न्हवता वो तो. अंगणात यायच्या आदी चपला काढल्या, सासूबाईंच्या पाया पडला, माझं तान्हं रडाया लागलं तर गाडीच्या चाव्या वाजवून त्याला हसवलं. शेजारचं घर मातीखाली गेलं हुतं, तिकडं मातुर त्यानं पाठ केली.

"गाव सावरलं, आसा फोटो पायजे," म्हनला.

आमच्या डोंगराकडच्या भिंतीला भेग पडली हुती, हात जाईल एवढी. ती बघून तो थबकला, शर्टाच्या टोकानं क्यामेऱ्याची काच पुसत राहिला, मग हळूच म्हनला, "वहिनी, बाळाला घिऊन हितं भेगेपुढं उभ्या राहा. पदर जरा पसरा. आता हसा."

भेगेतनं गार वारा पाठीला लागत हुता, लई भ्या वाटत हुतं, तरी म्या हसले.

तो फोटो आता पंचायतीत लावलाय. भेगेचं सांगाया गेले की समदी तिकडं बोट दावत्यात, "भिंत तर धड हाय की!" शेजारच्या घराच्या जागी गवत वाढलंय, तिथं घर हुतं ह्ये कुनी बोलत बी न्हाई. काल सासूबाई पन म्हनल्या, "आगं, तवा कुठं हुती भेग? कशी हसतीयास बघ की फोटूत."

पोरगं आता पळाया लागलंय. त्याला म्या त्या भिंतीपाशी झोपू देत न्हाई. भेग लई रुंदावलीया. आता आमी दोगं पुढं उभी राहिलो तरी झाकायची न्हाई.